बांबू गावाचा, परवाना कुणाचा?

नागपुरात लकडगंजातल्या कुठल्याही लाकडाच्या टालीवर सकाळी जाऊन उभे राहा. ट्रक लागला की मुनीम आधी बिल मागत नाही, टीपी मागतो. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. माल कुठल्या जंगलातून निघाला, किती नग, कुठल्या रस्त्याने, किती तारखेपर्यंत पोचायचा, आणि खाली शिक्का. तो कागद नसेल तर सागाचा ओंडका काय नि बांबूची काठी काय, माल चोरीचा. नाक्यावर गाडी अडते, जप्ती होते आणि मालकाची उरलेली वर्षं खेटे घालण्यात जातात.

हे सगळं प्रकरण त्या एका कागदाभोवती फिरतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी नागपूरचा. बँकेतली नोकरी संपल्यावर गेली काही वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामसभांचे हिशेब, खाती, करारमदार यांत लागेल तशी मदत करतो. इथे धरमपेठेत आमचा एक अभ्यासगट महिन्यातून एकदा बसतो. मागे तिथे विषय निघाला, बंदुकीला पर्याय काय? गटातले एक ज्येष्ठ, ज्यांची उमर फौजेत गेली, म्हणाले, "पर्याय बोलायला सोपा आहे. मला एक ठिकाण दाखवा, जिथे फौजेऐवजी माणसाला त्याच्या मालाचा धनी केलं आणि काम झालं." प्रश्न टोचून विचारलेला नव्हता, मनापासून होता. मी त्यांना गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा या गावाचं उदाहरण दिलं, त्यातल्या अडचणींसकट. वेळ पुरला नाही. तेच इथे सविस्तर लिहितो.

हक्क गेला तो नागपुरातूनच

पुष्कळांना आठवत नाही, पण 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्या राज्यात होता. इथल्याच विधानसभेने 1950 मध्ये मालगुजारी-जमीनदारी संपवणारा कायदा केला आणि 1951 पासून तो लागू झाला. कुळांसाठी तो मोठा दिलासा होता, त्याबद्दल वाद नाही. पण जमीनदारांच्या ताब्यातली जंगलं त्याच कायद्याने सरकारजमा झाली. गावाच्या पदरी निस्तार उरला. निस्तार म्हणजे घरापुरतं सरपण, नांगराला लाकूड, कुडाला बांबू. वापर तुझा, विक्री सरकारची. त्या एका रेषेने गोंड माणूस आपल्याच जंगलात गिऱ्हाईक झाला, आणि पुढे मजूर.

1969 मध्ये महाराष्ट्राने वनोपजाच्या व्यापाराचं नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, व्यापार सरकारच्या हाती गेला. युनिट, म्हणजे लिलावासाठी जंगलाचे भाग, सरकार पाडणार, लिलाव सरकार करणार, ठेकेदार सरकार ठरवणार. गावाने पहाटे उठून पानं तोडायची आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मुंशी म्हणेल तेवढे पुडे, म्हणजे पानांच्या जुड्या, मोजून द्यायचे. बांबूचं तर त्याहून वाईट. कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या कराराने तो सवलतीच्या दरात मिळायचा, आणि त्याच जंगलाशेजारी टोपल्या विणणाऱ्या बुरडाला चार काठ्यांसाठी रेंज ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागायच्या.

1980 मध्ये तेव्हाच्या आंध्रातून प्राणहिता ओलांडून नक्षल्यांची दलं आली. त्यांचा पेद्दी शंकर नावाचा तरुण त्याच वर्षी नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यात मोयाबीनपेठ्याजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. पण दलं गेली नाहीत, वाढली. का वाढली याची उत्तरं नागपुरात बसून लोक विचारसरणीत शोधतात. गावातले म्हातारे वेगळं सांगतात. दलाने गावात येऊन पहिला प्रश्न विचारला तो पुड्यामागे किती पैसे मिळतात हा. मग ठेकेदाराला बोलावलं, दमात घेतलं आणि दर वाढला. जो दर अर्ज करून वर्षानुवर्षं वाढला नव्हता, तो एका रात्रीत वाढला. लोकांनी त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं: भाव वाढवून घ्यायचा तर कागद कामाचा नाही, बंदूक कामाची आहे.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. बंदूक गडचिरोलीत भावाच्या दारातून आत आली. ती परत जायची असेल तर त्याच दारातून काढावी लागेल, म्हणजे भाव ठरवण्याची ताकद गावाच्या स्वतःच्या हातात, कायद्याने, उघडपणे आली पाहिजे.

1990 मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-60 पथक उभं केलं, त्याच जिल्ह्यातली पोरं भरती करून. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण मरणारा इकडचा असो वा तिकडचा, पुष्कळदा दोघांचीही आडनावं तीच असतात: मडावी, आत्राम, उसेंडी.

मेंढ्याचं जंगल

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना, धानोरा यायच्या थोडं आधी लेखा लागतं, त्याला लागून मेंढा. शंभराच्या आसपास घरं, सगळे गोंड. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध जे आंदोलन झालं त्यातून हे गाव जागं झालं. देवाजी तोफा हे गावचेच, आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल सोबतीला. गावाने दोन सवयी लावून घेतल्या. एक, अभ्यासगट: कुठलाही प्रश्न आला की आधी वाचायचं, विचारायचं, समजून घ्यायचं. दुसरी, निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकजण जरी अडला तरी सभा पुन्हा बसते. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथली. बाहेरच्यांना तिच्यात बंड दिसलं. मी ती नेहमी हिशेबाच्या वहीवर लिहायचं वाक्य म्हणून वाचत आलो.

2006 साली वनहक्क कायदा झाला, 31 डिसेंबर 2007 पासून तो अमलात आला. त्यात गौण वनोपजाची मालकी गावाची, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदू आहे तसा बांबूही आहे, अगदी नावानिशी. मेंढ्याने दावा केला आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. देशात हा हक्क पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक.

आता त्याच 2009 सालाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. 1 फेब्रुवारीला धानोरा तालुक्यातच मरकेगावला 15 पोलीस मारले गेले. 21 मे रोजी हत्तीगोट्याला 16. 8 ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17. तीन दिवसांत 48 माणसं. नागपूरच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं त्या वर्षी याच बातम्यांनी भरलेली होती आणि तेव्हा मेंढ्याच्या पट्ट्याची, म्हणजे वनहक्काच्या कागदाची, बातमी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. माझ्याही नाही. मी त्या वेळी बँकेत होतो, जिल्ह्यातली बदली टाळण्यासाठी लोक काय काय करायचे ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

डोक्यावर, सायकलवर, हातगाडीवर

पट्टा मिळाला. बांबू गावाचा झाला. मग गावाने तो विकायचं ठरवलं आणि वनखात्याकडे टीपी मागितली. खात्याने दिली नाही.

कारण असं सांगितलं गेलं की 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू येतो. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि लाकडावर हक्क सरकारचा. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण कायद्यात तो झाड होता आणि खात्याला ते सोयीचं होतं.

दुसरी अडचण जास्त बोलकी आहे. वनहक्क कायद्याचे 2008 चे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा एका ओळीवर थबकलो. गौण वनोपजाची वाहतूक कशी करता येईल, तर डोक्यावरून, सायकलवरून आणि हातगाडीवरून. शांतपणे विचार करा. अठराशे हेक्टरांतला बांबू गावाच्या मालकीचा आहे, आणि तो बाजारात न्यायचा डोक्यावर! रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, काढलेला वीस-पंचवीस फुटांचा बांबू सायकलला बांधून नागपूर गाठायचं असेल तर दीडशेहून जास्त किलोमीटर आहे. ज्याने तो नियम लिहिला त्याच्या मनात आदिवासी म्हणजे मोळी विकणारा माणूस होता. तो ट्रक लावेल, लिलाव पुकारेल, दोन व्यापाऱ्यांना एकमेकांवर चढवून भाव वाढवून घेईल हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं. मालकी द्यायची पण बाजारापर्यंत जाऊ द्यायचं नाही, असा तो प्रकार. 1951 च्या निस्ताराचीच ती नवी आवृत्ती होती.

गावाने काय केलं? रस्ता अडवला नाही, रेंज ऑफिस जाळलं नाही. धानोऱ्याच्या जंगलात त्या काळी ते करणं अवघड नव्हतं, मदतीला बंदुकाही हाकेच्या अंतरावर होत्या. गावाने पत्रं लिहिली. कायद्यातलं कलम दाखवलं. पुन्हा पत्रं लिहिली. बांबू विकायचा आपला हक्क आहे हे पाहुण्यांना, अधिकाऱ्यांना, पत्रकारांना सांगत राहिलं. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मार्च 2011 मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिलं की बांबूला गौण वनोपज माना. 27 एप्रिल 2011 ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचं कोरं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

त्या दिवसाची भाषणं लोक विसरले. पुस्तक राहिलं. त्यातला प्रत्येक परवाना ग्रामसभेने फाडायचा, त्यावर शिक्का ग्रामसभेचा. ज्या कागदासाठी गाव हात पसरत होतं, तो आता गावाच्या पेटीत होता. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2012 मध्ये, केंद्राने नियमच बदलले: वाहतूक योग्य त्या साधनाने करता येईल आणि परवाना ग्रामसभेची समिती देईल. डोकं, सायकल, हातगाडी ही ओळ गेली. 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्दही काढला गेला, जंगलाबाहेरच्या जमिनीपुरता का होईना.

पहिल्या मोठ्या विक्रीतून कोटीच्या घरात रक्कम आली. त्यातून तोडणीची मजुरी गेली, उरलेलं ग्रामसभेच्या खात्यात. खर्च कशावर करायचा ते सभेत ठरायचं आणि हिशेब सभेतच वाचला जायचा. मी बँकेत असताना मोठमोठ्या संस्थांचे ताळेबंद पाहिले आहेत. भर सभेत, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळेल असा, ओळीने वाचला जाणारा हिशेब मी गडचिरोलीतच पहिल्यांदा ऐकला.

फौजी मित्राच्या शंका

ते मधेच म्हणाले होते, "मग सरकारही तेच करतंय की. रस्ते, टॉवर, खाणी. विकास पाठवतंय."

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण गल्लत इथेच होते. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे. खाण सुरू झाली, डिसेंबर 2016 मध्ये नक्षल्यांनी तिथली सत्तरच्या वर वाहनं जाळली, त्यानंतर बंदोबस्त वाढला. खाणीने नोकऱ्या दिल्या हे मी नाकारत नाही, त्या नोकरीवर घर चालवणारी पोरं मला भेटली आहेत. पण तिथे गावाला काय विकायचं, कुणाला विकायचं, किंवा विकायचंच नाही, हे ठरवायची जागा कुठे होती? पैसा आला म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य आलं असं नव्हे. पैसा पोलिसांच्या गराड्यातही येतो.

इराकचं उदाहरण मी त्यांना यासाठीच दिलं. 2003 मध्ये फौजा घुसल्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकी प्रशासकाने एका आदेशाने तेल वगळता बहुतेक उद्योगांत शंभर टक्के परकी मालकीला मोकळीक दिली. कागदावर ती बाजाराची मुक्ती होती. इराकी माणसाला कुणी विचारलं नव्हतं. रणगाड्यामागून आलेला बाजार त्याला रणगाड्याचाच भाग वाटला, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

पाचगावची गोष्ट याच्या उलट. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं हे गाव. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूची विक्री सुरू झाली. तेंदूही होता, तयार पैसा होता. पण पानासाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, जंगल खराब होतं, हे पाहून ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. पाहुण्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. मला आर्थिक स्वातंत्र्याचं याहून स्पष्ट चित्र ठाऊक नाही. जो 'नाही विकत' म्हणू शकतो त्याच्याच 'विकतो' ला किंमत असते.

आमच्या फौजी मित्रांची दुसरी शंका अधिक खोल होती: बंडखोरांना अशा गोष्टीने खरंच फरक पडतो का? मी त्यांना पेरूबद्दल सांगितलं. ऐंशीच्या दशकात तिथे 'शायनिंग पाथ' हा माओवादी पक्ष डोंगरातून राजधानीपर्यंत पोचला होता. लिमातले अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो आणि त्यांची संस्था एक साधा मुद्दा मांडत होते: गरीब माणूस भांडवलशाहीच्या विरोधात नाही, त्याला तिच्या दारात उभंच केलं जात नाही. त्यांनी 1983 मध्ये प्रयोग केला. लिमाच्या वस्तीत दोन शिलाई मशिनींएवढा छोटा कारखाना कायदेशीर नोंदवायला घेतला, लाच न देता. 289 दिवस लागले. मग त्यांनी झोपडपट्टीतल्या घरांना आणि जमिनींना कागद मिळवून देण्याचं काम हाती घेतलं. बंडखोरांना फरक पडला की नाही? त्यांनी 1992 मध्ये त्या संस्थेच्या इमारतीसमोर बॉम्ब फोडला. नुसत्या पुस्तकी बडबडीवर कुणी दारूगोळा वाया घालवत नाही. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पक्षाचा प्रमुख गुझमान पकडला गेला तो लिमातल्याच एका घरात, पोलिसांनी महिनोन्‌महिने पाळत ठेवून, गोळी न झाडता.

म्हणजे पोलीस लागतातच, हे मी कबूल करतो. गडचिरोलीतही लागले. नोव्हेंबर 2021 च्या मर्दिनटोल्याच्या चकमकीनंतर दलं खिळखिळी झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. हे बांबूने घडवलं असा दावा करणं खोटेपणा होईल. माझा दावा लहान आहे. जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे आज सामूहिक वनहक्क आहे, आणि ज्या गावात टीपीचं पुस्तक पेटीत आहे तिथल्या माणसाला भाव वाढवून घ्यायला जंगलात जाण्याची गरज उरलेली नाही. बंदूक शरण आल्यानंतर ती जागा कोण भरणार, याचं उत्तर तिथे आहे.

तेंदूचा हंगाम आणि इतवारीतली गादी

आता जे नीट जमलं नाही ते.

बांबूपाठोपाठ ग्रामसभांनी तेंदूही स्वतः विकायला घेतला. हंगाम मे महिन्यातला, दहा-पंधरा दिवसांचा. पहाटे चारला घर सुटतं, उन्हं चढेपर्यंत तोडणी, दुपारी घरातली सगळी मिळून पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर. महाराष्ट्रात एका पुड्यात 70 पानं, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीमागे सत्तर हजार पानं कुणाच्या तरी बोटांखालून जातात. 2017 मध्ये विडी कारखानदारांत चढाओढ लागली आणि ग्रामसभांच्या लिलावांत कधी न पाहिलेले भाव मिळाले. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला: तेंदूपत्त्यावर 18 टक्के, विडीवर 28. पुढच्या हंगामात भाव कोसळले. मागच्या वर्षीच्या भावावर भरवसा ठेवून गावांनी जी स्वप्नं पाहिली होती ती मोडली. (तो कर सप्टेंबर 2025 मध्ये पत्त्यावर 5 आणि विडीवर 18 टक्क्यांवर आला, म्हणजे आठ वर्षांनी.)

बाजार वर जातो तसा खालीही येतो, आणि स्वातंत्र्यात हेही येतं, असं म्हणायला मला जड जातं, कारण खाली येण्याचा भार गोंड कुटुंबावर पडतो आणि व्यापारी पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो. शिवाय दादा लोकांचा, म्हणजे नक्षल्यांचा, चंदा थांबला नव्हता. सरकारी लिलावाच्या काळात ठेकेदार द्यायचा, ग्रामसभांच्या काळातही कुणी ना कुणी देत राहिला, पोलिसांनी तो पैसा कितीदा तरी पकडला. फरक पडला तो एवढाच की जिथे हिशेब भर सभेत वाचला जातो तिथे मधेच गायब झालेली रक्कम दिसते आणि 'ही कुठं गेली?' असं एखादी बाई उठून विचारते.

खात्यांचीही एक कथा आहे. ग्रामसभेचं खातं उघडायला गावकरी बँकेत गेले की फॉर्मवर अडायचे. वैयक्तिक, भागीदारी, कंपनी, न्यास, सोसायटी अशी सगळी नावं छापलेली, ग्रामसभा नाही. "नोंदणी क्रमांक?" ग्रामसभेला नोंदणी लागत नाही, ती कायद्यानेच आहे, हे खिडकीपलीकडच्याला पटवायला मला एकदा तीन फेऱ्या आणि कायद्याची प्रत लागली. खातं नाही तर व्यापाऱ्याचा पैसा रोखीने, आणि रोख पैसा जंगलाच्या रस्त्याने कुठे जातो ते सर्वांना माहीत आहे. चंदा तोडायचा एक उपाय त्या फॉर्मवरच्या एका चौकटीत होता.

आणि ही शेवटची गोष्ट, जी माझ्यासमोर घडली.

धानोरा तालुक्यातल्याच एका गावाचा, नाव देत नाही, तेंदूपत्ता नागपूरच्या एका व्यापाऱ्याने घेतला होता. पहिला हप्ता दिला, बोद, म्हणजे पानांची पोती, भरून माल उचलला, दुसरा हप्ता थकवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ग्रामसभेच्या समितीतले दोघे पहाटेच्या एसटीने निघून गणेशपेठच्या स्टँडवर उतरले. एक साठीचे, एक पंचविशीची मुलगी, जी समितीचा हिशेब लिहिते. मी त्यांना घेऊन इतवारीत त्या गादीवर गेलो. व्यापाऱ्याने चहा मागवला. भाव पडले, कर वाढला, माल पडून आहे, पुढच्या महिन्यात बघू. मुलीने पिशवीतून वही काढली आणि पुड्यांची बेरीज वाचायला सुरुवात केली, फळीनिहाय, तारखेनिहाय. तो मधेच म्हणाला, "बाई, वही राहू दे. बाजार समजून घे."

म्हातारे तोवर गप्प होते. ते म्हणाले, "पैसे नाई द्याचे होते तं माल काहून नेला जी?"

त्यावर तो काही बोलला नाही.

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला पोहे खायला थांबलो. म्हाताऱ्यांनी प्लेट हातात धरून ठेवली होती, खात नव्हते. मग हळूच म्हणाले, "पयले असं झालं असतं तं आमी कोनाकडं गेलो असतो, तुमाले माहीत आहे." मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला ते दिवस ऐकूनच माहीत. ती म्हणाली, "आता वकिलाकडं जाऊ, आजा."

सिव्हिल लाइन्सला एक ओळखीचे वकील आहेत, त्यांच्याकडे गेलो. करार वाचून ते म्हणाले की हा करार व्यापाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे: माल उचलण्याची तारीख पक्की आहे, पैसे देण्याची नाही. तो करार गावाने सही करण्याआधी माझ्या नजरेखालून गेला असता तर मला ते दिसलं असतं, पण गावाला त्या वेळी असं कुणाला दाखवायचं हेच ठाऊक नव्हतं. नोटीस गेली. चार महिन्यांत बरीच रक्कम आली. थोडी अजून यायची आहे, प्रकरण सुरू आहे.

पुढच्या हंगामाआधी ग्रामसभा बसली. सर्वसहमती व्हायला दोन बैठका लागल्या, कारण काहीजणांना भीती होती की अट कडक केली तर व्यापारीच येणार नाही. शेवटी नव्या करारात एक कलम आलं, मुलीच्या अक्षरात: पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याखेरीज गोडाऊनमधून एकही बोद हलणार नाही, आणि गोडाऊनची चावी ग्रामसभेकडे राहील. त्या वर्षी तीन व्यापारी आले. दोघं कलम वाचून परत गेले. तिसऱ्याने सही केली.